अठरा धान्ये, सोळा घटक आणि एक पेरणी

दीर्घ धागा : पाऊस ओळखण्यासाठी माणसाने मांडलेल्या प्रतिमानांचा, आणि त्यावर विसंबून घेतल्या जाणाऱ्या एका निर्णयाचा इतिहास.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवण्याच्या सुमारास, बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ गावाबाहेरच्या एका शेतात शेकडो शेतकरी उभे असतात. जळगाव जामोद तालुक्यातील गावे तर असतातच. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातून, वरवट बकालच्या बाजूने आणि पूर्णेच्या पलीकडून, अकोल्याकडूनही माणसे आलेली असतात. सर्वांची नजर जमिनीवरच्या एका वर्तुळावर खिळलेली असते. आदल्या संध्याकाळी तेथे धान्याच्या राशी मांडलेल्या असतात आणि रात्रभर त्या जागेकडे कोणीही फिरकायचे नसते. कोणती राशी विस्कटली, कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. हीच भेंडवळची घटमांडणी. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली, असे परंपरा सांगते. वाघ घराण्याने ती आजवर चालवली आहे.

या प्रथेकडे दोन प्रकारे पाहिले जाते. एक बाजू तिला पूर्वजांचे विज्ञान म्हणते. दुसरी अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या भाकितांवर वेळोवेळी आक्षेप घेतलेले आहेत, आणि ते रास्त आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा वेगळा प्रश्न विचारता येतो : घटमांडणी हे विचार करण्याचे कोणते साधन आहे? त्या साधनाची रचना कशी आहे, ते कोठे उपयोगी पडते आणि नेमके कोठे मोडते?

त्यासाठी आधी ही भूमी समजून घ्यावी लागते.

शेगावहून उत्तरेला, सातपुड्याच्या दिशेने निघाले की पूर्णा ओलांडून वरवट बकाल लागते. संग्रामपूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेला पूर्णा, मध्ये काळी कसदार जमीन. चित्र समृद्धीचे वाटते. पण पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते खारे असते. अशा पाण्याने पीक भिजवले की जमीन चोपण होते. डोंगराच्या पायथ्याशी गोडे पाणी आणि बागायत आहे. जसजसे पूर्णेकडे सरकावे तसतसा आधार केवळ आभाळाचा उरतो.

म्हणून येथे पावसाचा अंदाज हा गप्पांचा विषय नाही. तिफण केव्हा जुंपायची, कोणते बियाणे घ्यायचे, किती उसनवारी करायची, हे सारे त्यावर ठरते. चार दिवस आधी पेरले आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली, तर मोड मातीतच करपतात आणि दुबार पेरणी ओढवते. चार दिवस उशीर केला तर मूग-उडदाचा हंगाम हातचा निसटतो. दोन्हीकडे तोटा आहे, आणि माहिती पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोय नाही. माणसाला प्रतिमान लागते ते अशाच वेळी. प्रतिमान म्हणजे गुंतागुंतीच्या जगाची मनात केलेली लहान, हाताळता येईल अशी मांडणी.

आता घटाकडे पुन्हा पाहू.

वर्तुळाच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, भजी, वडे. पायाशी पान-सुपारी. भोवती वर्तुळात अठरा धान्ये : ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, वाटाणा, मसूर, लाख, तीळ, जवस, करडी, भादली, अंबाडी, सरकी अशी ती यादी जाते. यातील काही धान्यांना स्वतःच्या पिकापलीकडचा अर्थही दिलेला आहे. भादली रोगराई सांगते, मसूर शत्रूविषयी बोलते. सुपारी म्हणजे राजा आणि पुरी म्हणजे पृथ्वी.

ही मांडणी नीट पाहिली तर तिची एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘यंदा वर्ष कसे जाईल?’ या अक्राळविक्राळ प्रश्नाचे तिने तुकडे केलेले आहेत. पाऊस वेगळा, पिके वेगळी, रोगराई वेगळी, राज्यकारभार वेगळा. पावसाचेही चार महिने वेगळे. कारण जूनचा पाऊस पेरणीचा, ऑगस्टचा कणीस भरण्याचा. एकूण पाऊस तेवढाच पडून महिन्यांचे गणित चुकले, तरी पीक जाते. मोठ्या प्रश्नाचे स्वतंत्रपणे तपासता येतील असे भाग करणे ही स्पष्ट विचाराची पहिली पायरी आहे. ज्याने कोणी हा घट प्रथम मांडला, तो शेती जाणणारा माणूस होता, यात शंका नाही.

मोडते ते यापुढे. पहिली अडचण कार्यकारणाची. वैशाखातल्या एका रात्री मुंग्या, उंदीर, पाखरे किंवा वारा यांनी सरकीचे चार दाणे हलवले, याचा आश्विनातल्या कापसाच्या भावाशी संबंध जोडणारी कोणतीही साखळी दाखवता येत नाही. दुसरी अडचण भाषेची. ‘पीक साधारण’, ‘पाऊस कोठे कमी, कोठे जास्त’ ही वाक्ये खोटी ठरण्याची सोयच नसते. ज्या विधानाला चुकता येत नाही, त्याला बरोबर येण्याचेही श्रेय देता येत नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत मानवी आहे : जुळलेले भाकीत गावोगाव सांगितले जाते आणि न जुळलेले दिवाळीपर्यंत विसरले जाते. साडेतीनशे वर्षांत चुकांची वही कोणी ठेवली नाही.

चुकांची वही म्हणजे काय, हे समजण्यासाठी भेंडवळहून थोडे दूर जावे लागेल.

१८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. पाऊस केव्हा दगा देणार, हे आधी सांगता येईल का, असा सरकारचा प्रश्न होता. ब्लॅनफर्ड यांनी एक प्रतिमान पुढे ठेवले : हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ फार पडले, तर जमीन तापायला उशीर होतो आणि मैदानांवरचा मान्सून दुबळा पडतो. काही वर्षे चाचपणी करून १८८६ च्या जून महिन्यात हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशासाठी पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला.

घट आणि बर्फ यांत फरक कोणता? बर्फाचा अंदाज बरोबर येत असे आणि घटाचा चुकत असे, हा फरक नव्हे. सुरुवातीला दोघांच्या यशापयशात किती अंतर होते, हा वादाचाच विषय ठरेल. खरा फरक असा की ब्लॅनफर्ड यांनी कारण सांगितले होते, ते कागदावर तारखेनिशी छापले होते, आणि त्यामुळे ते चुकले तर चुकले हे सर्वांना दिसणार होते.

आणि ते दिसलेही.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट आले. त्यांनी बर्फाच्या जोडीला आणखी निरीक्षणे घेतली, आणि अंदाजाची कागदपत्रे वर्षागणिक लांबत गेली. १८९९ साठी त्यांनी समाधानकारक, किंबहुना सरासरीहून बऱ्या पावसाची आशा दाखवली. त्या वर्षी पावसाने मोठा दगा दिला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला म्हणून लोकांनी त्याला छप्पनचा दुष्काळ म्हटले. वऱ्हाडात तर १८९६-९७ च्या दुष्काळाच्या जखमा अजून ओल्या होत्या. गुरे गेली, माणसे गेली, गावे रिकामी झाली. अंदाज आणि वास्तव यांतले अंतर इतके भीषण होते की नंतर काही वर्षे हे अंदाज लोकांसाठी प्रसिद्ध न करता सरकारपुरते गोपनीय ठेवले गेले. चूक झाकण्याची इच्छा घट मांडणाऱ्यालाच होते असे नाही. ती सिमल्याच्या कचेरीतही होते.

तरीही कागद उरले होते. त्यामुळे पुढच्या माणसाला ते वाचता आले.

तो माणूस म्हणजे गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचा नामांकित गणिती. बुमरँगच्या उड्डाणाचा इतका शौकीन की मित्रांनी त्याचे टोपणनावही त्यावरूनच ठेवले होते. १९०४ मध्ये त्याने हवामान खात्याची सूत्रे घेतली. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्याला नव्हते, आणि कदाचित तेच पथ्यावर पडले. पावसाची कारणे आपल्याला ठाऊक आहेत, असा आव त्याने आणला नाही. कारकुनांची फौज बसवून त्याने जगभरच्या नोंदींची एकमेकींशी तुलना सुरू केली : कोठला वायुदाब, कोठले तापमान, कोठल्या नदीचा पूर आणि हिंदुस्थानचा पाऊस. हे सारे हाताने. संगणक तेव्हा नव्हते.

या शोधातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाचा झोका हाती लागला. एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो, आणि त्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे. वॉकरने त्याला दक्षिणी दोलन म्हटले. एल निनोशी त्याचे नाते जेकब बर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडले, तोवर वॉकरला जाऊन दशक उलटले होते. आज ‘यंदा एल निनो आहे म्हणे’ हे वाक्य वरवट बकालच्या बाजारातही ऐकू येते, ते या आकडेमोडीचे फळ आहे.

परंतु तरुण वाचकांनी वॉकरची दुसरी गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. ती दोलनाइतकी प्रसिद्ध नाही. शेकडो गोष्टींची पावसाशी तुलना करताना त्याला एक भय वाटू लागले. इतक्या ठिकाणी शोधले तर काही ना काही जुळणारच. मग जे जुळले ते खरे, की केवळ योगायोग? एक साधा हिशेब पाहा. १२८ माणसांनी प्रत्येकी सात वेळा नाणे उडवले, तर सरासरीने त्यांतील एकाला सातही वेळा छापा मिळतो. त्या एकाला गाठून ‘तुमची विद्या कोणती?’ असे विचारणे किती हास्यास्पद ठरेल! तरी आपण नेमके तेच करतो. लागोपाठ तीन निवडणुकांचे भाकीत जुळलेला ज्योतिषी आपल्याला ठाऊक असतो. ज्यांचे जुळले नाही, ते शेकडो आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वॉकरने १९१४ च्या सुमारास याचे गणित मांडले : अनेक तुलनांतून सर्वोत्तम निवडली असेल, तर तिच्याकडून पुराव्याची अपेक्षाही तितकीच वाढवली पाहिजे. स्वतःच्या शोधाविरुद्ध स्वतःच उभारलेला हा पहारा होता.

पुढे १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, आणि चौकालाही तेच नाव आहे. मुख्यालय नंतर दिल्लीला गेले. मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम मात्र पुण्याशी जोडलेले राहिले. या कथेचा पुढचा नायकही पुण्याचाच.

डॉ. वसंत गोवारीकर यांची ओळख आधी अवकाश संशोधनातली. अग्निबाणांच्या घन इंधनावर त्यांनी काम केले, थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे ते संचालक होते. १९८६ मध्ये ते विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, देशावर मोठा दुष्काळ आला. गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रतिमान उभे केले. युरेशिया आणि हिमालयावरचे बर्फ, एल निनो, देशातील निरनिराळ्या भागांचे तापमान, उंचावरचे वारे, थेट अर्जेंटिनातला वायुदाब! वऱ्हाडातल्या तुरीसाठी अर्जेंटिनाकडे पाहावे लागते, ही कल्पनाच त्या काळात थक्क करणारी होती. १९८८ पासून देशाचा अंदाज या प्रतिमानावरून दिला जाऊ लागला.

त्यानंतर वर्षामागून वर्ष ‘मान्सून सामान्य’ असा अंदाज येत राहिला आणि मान्सून सामान्यच येत राहिला. १९८८ ते २००१ या काळात देशपातळीवर एकही वर्ष तुटीचे गेले नाही. प्रतिमानाची कीर्ती पसरली, मराठी वृत्तपत्रांना तर ते विशेष अभिमानाचे होते, आणि यात वावगे काही नाही.

येथे मात्र वॉकरच्या पहारेकऱ्याने एक प्रश्न विचारायला हवा होता. ज्या देशात शंभरांतली ऐंशीहून अधिक वर्षे तशीही दुष्काळाची नसतात, तेथे डोळे मिटून दर वर्षी ‘सामान्य’ म्हणणारा माणूस किती वेळा बरोबर येईल? बहुतेक वेळा. म्हणजे प्रतिमानाची परीक्षा ‘किती वेळा बरोबर आले’ ही नव्हे. काहीही न जाणणाऱ्या त्या आळशी माणसाहून ते किती वरचढ आहे, ही. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांपासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत हाच मोजदांड लावून पाहावा. पुष्कळ कीर्ती तेथल्या तेथे वितळते.

२००२ मध्ये परीक्षा झाली. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा. जुलै महिन्यात देशभर जवळजवळ निम्माच पाऊस पडला आणि हंगाम संपला तेव्हा आकडा होता ८१ टक्के. दुष्काळाची चाहूल सोळापैकी सोळा घटकांनी मिळूनही दिली नाही. कारण शोधताना असे दिसले की घटक आणि पाऊस यांची नाती कायमची नसतात. वीस वर्षांपूर्वी घट्ट असलेले नाते पुढे सैल होते. ब्लॅनफर्डच्या बर्फाचेही तसेच झाले होते. भूतकाळाला तंतोतंत बसणारी चौकट भविष्यालाही बसेलच असे नाही, आणि कपड्याला जितके टाके जास्त, तितका तो एकाच अंगाला बेतलेला असतो.

यानंतर जे घडले, ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत कमी नाट्यमय आणि सर्वांत मोलाचे प्रकरण आहे. २००३ मध्ये हवामान खात्याने जुने प्रतिमान बाजूला सारले. घटक कमी केले, काही बदलले, अंदाज एप्रिलमध्ये आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर अशा दोन टप्प्यांत देण्यास सुरुवात केली. २००४ मध्ये ते पुन्हा चुकले. २००७ मध्ये पुन्हा पद्धत बदलली. अनेक प्रतिमानांचे एकत्रित मत घेण्याकडे वाटचाल झाली आणि संगणकावर वातावरण व समुद्र यांची प्रतिकृती चालवणारी प्रतिमाने आली. आजचा अंदाज ‘इतक्या टक्के पावसाची शक्यता इतकी’ अशा स्वरूपात दिला जातो. ऐकायला ते कमी ठाम वाटते, पण त्यात अंदाज देणाऱ्याने आपल्या अज्ञानाचेही माप लिहिलेले असते.

गोवारीकर २०१५ च्या जानेवारीत गेले. त्यांचे प्रतिमान टिकले नाही म्हणून त्यांचे काम लहान ठरत नाही. ते आकड्यांत बोलले, म्हणून ते चुकू शकले. ते चुकले, म्हणून पुढचे शिकू शकले.

आता पुन्हा संग्रामपूर तालुक्यात येऊ, कारण येथे आणखी एक पेच आहे.

२०२३ हे एल निनोचे वर्ष. हवामान खात्याने एप्रिलमध्ये ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला, पाच टक्के इकडे-तिकडे धरून. प्रत्यक्षात देशात ९४ टक्के पडला. अंदाज बरोबर ठरला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांत अशी अतिवृष्टी झाली की सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांचे पाणी गावांत शिरले आणि काळी जमीन पिकासकट खरवडून निघाली. त्यानंतर आला तो ऑगस्ट, देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. येथल्या शेतकऱ्याला ९४ टक्के हा आकडा दाखवला, तर तो काय म्हणेल, हे सांगण्याची गरज नाही.

यात कोणी खोटे बोलले नव्हते. देशाची सरासरी हे देशाच्या धान्यकोठारासाठी, आयात-निर्यातीसाठी, धरणांच्या नियोजनासाठी योग्य माप आहे. एका शिवारासाठी नाही. सरासरी गुडघाभर खोल असलेल्या नदीत माणूस बुडू शकतो, हे विसरले की अचूक माहितीवरूनही चुकीचा निर्णय होतो. प्रतिमान खरे आहे का, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे : ते कोणाच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनले होते?

वरवट बकालच्या शेतकऱ्याचा प्रश्न ‘यंदा किती पाऊस?’ असा नसतोच. त्याचा प्रश्न असतो, ‘आज पेरले आणि पुढे पाऊस आला नाही, तर मी तगेन का?’ पहिल्या प्रश्नाला भाकीत लागते. दुसऱ्याला भाकितावाचूनही उत्तर देता येते, आणि वऱ्हाडाने ते पूर्वीच देऊन ठेवले होते.

जुन्या वऱ्हाडी शेतात एकच पीक क्वचित असे. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ. ज्वारीत मूग, उडीद. धुऱ्याकडेला अंबाडी. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येतो आणि पोळ्याच्या सुमारास घरात चार पैसे आणतो. तूर सहा महिने उभी राहते, तिचे मूळ खोल जाते, आणि मधली ओढ ती सोसते. जून चुकला तर एक पीक जाते, सप्टेंबर चुकला तर दुसरे. सारी एकाच वेळी जाण्यासाठी छप्पनसारखे वर्ष यावे लागते. कोणत्याही एका वर्षी हे शेत सर्वाधिक उत्पन्न देणारे नसते. पण ते शेतकऱ्याला मुळासकट उपटूनही टाकत नाही. पाऊस ओळखण्याची हौस बाजूला ठेवून, तो न ओळखताही जगता येईल अशी ही रचना होती.

ती विरळ होण्याचीही एक कथा आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, खामगावची बाजारपेठ भरभराटीला आली आणि १८७० मध्ये तेथे रेल्वेही पोहोचली. कपाशीखालची जमीन वाढत गेली. प्रत्येक शेतकऱ्याचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. सर्वांनी मिळून मात्र आपले दैव एका पिकाच्या आणि एका बाजाराच्या हवाली केले. गेल्या काही दशकांत सोयाबीनने हाच धडा पुन्हा गिरवला आहे : शंभर-सव्वाशे दिवसांत पैसा, सलग पेरणी, आणि काढणीच्या पंधरवड्यात पाऊस आला की सलग नुकसान.

पेरणीच्या दिवसाबाबतही असाच एक साधा नियम आज सांगितला जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरू नये, असे कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. हे भाकीत नाही. पुढे काय होणार याविषयी ते अवाक्षर काढत नाही. घडून गेलेल्या, मोजलेल्या गोष्टीवर निर्णय टांगण्याची ती युक्ती आहे. मृग नक्षत्र लागले, शेजाऱ्याने तिफण काढली, पावशा ओरडू लागला, अशा वेळी मन अधीर होते. अधीर मनाला थोपवण्यासाठी आधीच ठरवून ठेवलेली रेघ लागते. ती आखायची असते मे महिन्यात, डोके थंड असताना. आणि पाऊस मोजायलाही आता तालुक्याच्या ठिकाणावर अवलंबून राहावे लागत नाही; महावेध प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत.

या साऱ्यानंतर भेंडवळच्या वर्तुळाकडे पाहिले, तर नजर वेगळ्या ठिकाणी थांबते. कोणता दाणा सरकला, याकडे नव्हे. दाणे किती प्रकारचे आहेत, याकडे. ज्वारीपासून अंबाडीपर्यंतची ती अठरा धान्ये म्हणजे कधी काळी या शिवारात, या घरांत, या कणग्यांत प्रत्यक्ष असलेल्या पिकांची यादी आहे. भादली आणि लाख आता तरुणांना ओळखूही येणार नाहीत. करडी, जवस शोधावी लागते. आणि आज तालुक्यातल्या कितीतरी शेतांत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत जे एकच पीक उभे असते, त्या सोयाबीनला परंपरेने चालत आलेल्या या यादीत जागाच नाही.